कुटुंब व्हिसासाठी वकील लावावा का? एका तासाचा सल्ला, सल्लागाराचे कार्यालय आणि कोतवाल बुक

अमेरिकेचा नागरिक झालेल्या मुलाने आई-वडिलांना ग्रीन कार्डवर बोलवायचे ठरवले की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो वकिलाचा. आमच्या घरात तो २०२३ च्या उन्हाळ्यात उभा राहिला. त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही एका व्हिसा सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली, ती अर्ध्यावर सोडली, अमेरिकेतील एका इमिग्रेशन वकिलाचा एक तास पैसे मोजून विकत घेतला आणि मग सर्व अर्ज स्वतःच भरले. या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की, प्रकरण सरळ असेल तर पूर्ण कामासाठी वकील लावण्याची गरज नाही, मात्र वकिलाशी एकदा सविस्तर बोलल्याशिवाय पहिला अर्जही भरू नये. हे मत कसे बनले ते सविस्तर लिहितो, कारण खान्देशातल्या कुटुंबांची अडचण अमेरिकेच्या कायद्यापेक्षा आपल्याच गावच्या दप्तरात अधिक असते, आणि फी ठरवताना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मी अमळनेरला माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि २०१३ मध्ये निवृत्त झालो. विप्रोची सुरुवात १९४५ साली ज्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली, त्या गावातली मुले पुढे संगणकाच्या कामासाठी समुद्रापलीकडे गेली याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे; आमचा एकुलता एक मुलगा त्यांपैकीच एक. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघे एकाच वेळी आजारी पडलो, शेजाऱ्यांनी दाराबाहेर डबे ठेवून आम्हाला जगवले, आणि मुलगा तिकडे रात्ररात्र फोन धरून बसला. २०२२ मध्ये त्याला नागरिकत्व मिळाले, तेव्हा त्याने आम्हा दोघांसाठी अर्ज करण्याचा हट्टच धरला.

कायद्याची चौकट आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. एकवीस वर्षांवरील अमेरिकन नागरिकाचे आई-वडील हे तेथील कायद्याने अगदी जवळचे नातेवाईक मानले जातात, त्यामुळे त्यांना दरवर्षीच्या संख्येची मर्यादा लागू होत नाही आणि भावंडांच्या अर्जासारखे वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागत नाही. मुलाने आई आणि वडील यांच्यासाठी आय-१३० हा अर्ज वेगवेगळा भरायचा असतो. तो मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तेथे डीएस-२६० हा अर्ज, मुलाचे उत्पन्नाचे हमीपत्र आणि आपली कागदपत्रे ऑनलाइन द्यावी लागतात, आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होते. सर्व अर्ज सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. शुल्क लागते ते अर्ज दाखल करण्याचे.

आता सल्लागार कार्यालयाविषयी. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी बरीच कार्यालये आहेत, आणि आम्ही ज्याच्याकडे गेलो त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा आक्षेप कामाच्या पद्धतीवर आहे आणि ती पद्धत एकाच ठिकाणापुरती मर्यादित नाही. दोघांच्या कामाचे सव्वा लाख रुपये सांगण्यात आले. पंधरा हजार रुपये आगाऊ घेतले, आणि त्याचबरोबर आमची मूळ कागदपत्रेही ठेवून घेतली: पासपोर्ट, शाळा सोडल्याचे दाखले, मुलाचा जन्मदाखला. पावती फक्त पैशांची मिळाली, कागदांची नाही. पुढे काम थांबवायचे ठरल्यावर ती कागदपत्रे परत मिळवायला मला दोन महिने आणि सहा फेऱ्या लागल्या. कोणाकडेही मूळ कागद ठेवण्याची गरज या प्रक्रियेत नाही. अर्जासोबत स्कॅन केलेल्या प्रती जातात आणि मूळ कागद मुलाखतीच्या दिवशी आपण स्वतः हातात घेऊन जायचे असतात. एवढे मला तेव्हा ठाऊक असते तर ते दोन महिने वाचले असते.

परंतु खरा धोका पैशांत किंवा फेऱ्यांत नव्हता. माझ्या पत्नीचा जन्म १९६० सालचा, शिरपूर तालुक्यातल्या एका लहान गावातला, आणि तिच्याकडे जन्माचा दाखला नव्हता. सल्लागारांनी ते ऐकून घेतले आणि अगदी सहज आवाजात म्हटले, “गुरुजी, त्याची काळजी करू नका, पासपोर्टवरच्या तारखेचा दाखला आपण काढून देऊ.” दुसरा सल्ला असा होता की, ग्रीन कार्डचा अर्ज चालू असतानाच पर्यटक व्हिसासाठीही अर्ज टाकावा, आणि त्या अर्जात ‘तुमच्या नावाने कोणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे काय’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर लिहावे, म्हणजे व्हिसा लवकर मिळेल. हा प्रश्न पर्यटक व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात खरोखरच असतो. त्याला खोटे उत्तर देणे किंवा बनावट दाखला जोडणे याला अमेरिकेच्या कायद्यात खोटी माहिती देऊन लाभ मिळवण्याचा प्रयत्न समजतात, आणि त्याची शिक्षा म्हणजे त्या व्यक्तीवर कायमची प्रवेशबंदी. त्यातून सूट मागण्याची सोय आहे, पण ती मोजक्याच नातेवाइकांच्या आधारावर मिळते, आणि नागरिक मुलगा त्या मोजक्यांत बसत नाही. म्हणजे पंधरा हजार रुपये आगाऊ देऊन आम्ही आयुष्यभरासाठी नातवंडांची दारे बंद करून घेण्याच्या अगदी जवळ गेलो होतो, आणि अर्जावर सही मात्र माझ्या पत्नीची असणार होती, सल्लागाराची नव्हे.

यावरून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार तेथील एखाद्या राज्याच्या बारकडे, म्हणजे वकिलांच्या नोंदणी संस्थेकडे, नोंदलेल्या वकिलाला किंवा त्यांच्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कार्यालयाबाहेर कितीही मोठी पाटी असली तरी तो अधिकार त्या पाटीतून येत नाही. कॅनडासाठी तेथील ‘कॉलेज’ या नियामक संस्थेचा परवाना असलेले सल्लागार असतात, ऑस्ट्रेलियासाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट असतात, आणि त्या दोन्ही देशांत परवाना क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. अमेरिकेसाठी ‘सल्लागार’ अशी परवानाधारक जमात नाहीच. जो टंकलेखन करून देतो त्याने अर्जात स्वतःला अर्ज तयार करणारा म्हणून नोंदवून सही करणे अपेक्षित असते. आमच्या सल्लागारांना मी हा रकाना दाखवला तेव्हा त्यांनी तो कोरा ठेवायचा असतो असे सांगितले. मी तेथूनच उठलो.

वकील शोधण्याचे काम मुलाने केले, आणि ते त्याने ज्या पद्धतीने केले ती मला पटली. इमिग्रेशनचा कायदा केंद्रीय असल्यामुळे वकील कोणत्याही राज्याचा चालतो, त्यामुळे त्याने जवळचा कोण हे न पाहता आई-वडिलांची प्रकरणे नेहमी हाताळणारे तिघे निवडले. तिघांची नावे त्यांच्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर तपासली, परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची काही कारवाई झाली आहे का ते पाहिले. तिघांकडून दर मागवले. आम्ही ज्यांना निवडले त्या वकीलबाईंनी दोघांच्या पूर्ण कामाचे साडेतीन हजार डॉलर सांगितले, सरकारी शुल्क वेगळे. म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास दोन लाख नव्वद हजार रुपये. नुसत्या एका तासाच्या सल्ल्याचे अडीचशे डॉलर. मुलाची तयारी पूर्ण पैसे भरण्याची होती. मी म्हटले, आधी तास घेऊ, मग ठरवू.

रात्री साडेआठला, म्हणजे त्यांच्या सकाळी अकराला, ते बोलणे झाले. मी वहीत प्रश्न लिहून बसलो होतो, पण पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तो कागदांविषयी नव्हताच. त्यांनी विचारले, “तुम्ही दोघे खरोखर कुठे राहणार आहात?” आम्ही सांगितले की हिवाळा तिकडे, उन्हाळा-पावसाळा इकडे, कारण धाकट्या भावासोबत सामाईक शेती आहे आणि घर आहे. त्यावर त्यांनी शांतपणे समजावले की ग्रीन कार्ड हे ये-जा करण्याचे साधन नाही. ते कायम वास्तव्याचे कार्ड आहे, सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परत येताना प्रश्न विचारले जातात, आणि परवानगी न काढता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते गमावण्याची पाळी येते. वर्षातले चार महिने नातवंडांसोबत घालवायचे असतील तर पर्यटक व्हिसाच पुरेसा आहे, आणि त्यासाठी वकिलाची गरज नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. स्वतःचे साडेतीन हजार डॉलर बुडतील असा सल्ला देणारी व्यक्ती समोर आहे हे कळल्यावर पुढच्या प्रत्येक वाक्याला माझ्या मनात वजन आले.

त्याच ओघात त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आमच्या ओळखीच्या एकाही कुटुंबाला माहीत नव्हत्या. ग्रीन कार्डधारक अमेरिकेच्या करासाठी रहिवासी ठरतो आणि जगात कुठेही मिळालेले उत्पन्न त्याला तेथे दाखवावे लागते. माझी पेन्शन, बँकेतल्या ठेवींचे व्याज, सर्व काही. परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम झाली तर त्याचे वेगळे विवरण द्यावे लागते. दुसरी गोष्ट औषधपाण्याची: पासष्ट वर्षांनंतरची सरकारी मेडिकेअर योजना नव्याने गेलेल्या आई-वडिलांना लगेच मिळत नाही, ती विकत घेण्यासाठीही कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे तेथे राहिलेले असावे लागते. तोपर्यंतच्या विम्याचा हप्ता मुलाने आपल्या हिशेबात धरावा, असे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले. उत्पन्नाच्या हमीपत्राविषयी त्या म्हणाल्या की मुलाच्या घरची माणसे मोजताना तो, त्याची पत्नी, दोन मुले आणि आम्ही दोघेही धरायचे, म्हणजे सहा. आणि त्या सहाजणांसाठी ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट, म्हणजे १२५ टक्के उत्पन्न दाखवायचे. २०२५ च्या आकड्यांनुसार ही रक्कम ५३,९३७ डॉलर होती. ही हमी मुलाने एकदा दिली की आम्ही नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत त्याच्यावर बंधनकारक राहते. मुलगा हे ऐकताना गप्प होता. त्या रात्री आम्ही तिघे पुन्हा बोललो, आणि कोविडचे ते दिवस आठवून जायचेच असे ठरवले. पण ते डोळे उघडे ठेवून ठरवले.

तासाचा उरलेला भाग कागदपत्रांचा, आणि येथे आमच्या मुलखाचे वैशिष्ट्य पुढे आले. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांकडे दाखला नसणे अमेरिकन अधिकाऱ्यांनाही माहीत आहे. अशा वेळी नोंद आढळत नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे चालतात. वकीलबाईंनी हे सांगितले आणि पुढे विचारले, “तुमच्या पत्नीची पासपोर्टवरची जन्मतारीख खरी आहे का?” तारीख आहे १ जून. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. शाळेत नाव घालताना आई-वडिलांना तारीख आठवत नसे, आणि गुरुजी जून महिन्याची पहिली तारीख लिहून टाकत. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये पानेच्या पाने १ जूनने भरलेली मी स्वतः पाहिली आहेत. मी उत्तर दिले की खरी तारीख आम्हाला माहीत नाही. त्यांनी सांगितले, “मग ती शोधा, आणि काही सापडले तर लपवू नका.”

गावात ग्रामपंचायतीचे रजिस्टर इतके जुने नव्हते, म्हणून ग्रामसेवकांनी नोंद आढळत नसल्याचा दाखला दिला. नंतर आम्ही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेलो, जेथे गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला सर्वजण कोतवाल बुक म्हणतात, ते ठेवलेले असते. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देई आणि पाटील ती लिहून घेई. लाल फडक्यातल्या गाठोड्यातून तेथील कारकुनांनी १९६० चे बुक काढले. कडा वाळवीने खाल्लेल्या, पाने इतकी ठिसूळ की ते बोटाने न उलटता खाली फूटपट्टी घालून उलटत होते. पाऊण तासाने त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. सासऱ्यांचे पूर्ण नाव, जात, गाव, आणि तारीख १९ ऑगस्ट. बाळाच्या नावाच्या जागी काहीच नव्हते. कारकून अहिराणीत म्हणाले, “गुरुजी, नाव नही शे आठे, नुसती ‘मुलगी’ लिखेल शे.” माझी पत्नी खुर्चीवरून उठली आणि त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली. त्रेसष्ट वर्षांत आपला जन्म कोणत्या दिवशी झाला हे तिला त्या दुपारी प्रथम कळले. नारळी पौर्णिमेनंतर काही दिवसांनी आपण झालो असे तिची आई सांगे, ते खरे निघाले.

आता अडचण अशी की नोंदीत तारीख सापडली पण नाव नाही, पासपोर्टवर नाव आहे पण तारीख वेगळी, आणि ग्रामपंचायत म्हणते की नोंदच नाही. सल्लागाराच्या पद्धतीने गेलो असतो तर हे सर्व बाजूला सारून एक स्वच्छ, नवा आणि खोटा दाखला पुढे आला असता. वकीलबाईंनी ई-मेलने उत्तर दिले की तिन्ही कागद जोडावेत, अर्जात सर्वत्र पासपोर्टचीच तारीख लिहावी, आणि फरक का आहे हे प्रतिज्ञापत्रात साध्या शब्दांत सांगावे. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. सेतू केंद्रात त्यांना धरून नेले, प्रतिज्ञापत्र त्यांना अहिराणीत वाचून दाखवले, आणि त्यांनी अंगठा उठवला. दुसरे प्रतिज्ञापत्र पत्नीच्या थोरल्या मामांचे.

नावांचा गुंता याहून मोठा होता, पण तो सुटायला सोपा गेला. आपल्याकडे लग्नात मुलीचे नावही बदलतात, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आणि मुलाच्या १९८५ च्या जन्मदाखल्यावर सासरच्या नावाला ‘बाई’ जोडलेले. आमचे पाटील हे आडनाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेले. शिवाय वडिलांसाठीच्या अर्जाला आई-वडिलांच्या लग्नाचा पुरावा लागतो, आणि आमचे १९८१ चे लग्न कुठेही नोंदलेले नव्हते. ते आम्ही नगरपरिषदेत उशिरा नोंदवले. लग्न लावणारे भटजी हयात नव्हते, म्हणून त्याबद्दलही प्रतिज्ञापत्र लागले. नोंदणी ताजी असल्याने जुना पुरावा जोडा असे वकीलबाईंनी सुचवले होते, तेव्हा पत्नीने ट्रंकेतून लग्नपत्रिका काढली. तिच्यावर ‘चि. सौ. कां.’ या अक्षरांपुढे तिचे माहेरचे नाव आणि शेजारी माझे नाव छापलेले होते. माहेरचे नाव आणि आजची व्यक्ती जोडणारा याहून चांगला कागद आम्हाला मिळाला नसता. ज्यांच्या घरी जुन्या पत्रिका असतील त्यांनी त्या फेकू नयेत.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. सल्लागार त्याचे पानामागे चारशे रुपये मागत होते. प्रत्यक्षात भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असे लिहून सही करणे पुरेसे असते, म्हणून माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या निवृत्त सहकाऱ्यांनी चौदा पाने प्रेमाने करून दिली.

अर्ज मुलाने ऑगस्ट २०२३ मध्ये ऑनलाइन दाखल केले. सरकारी खर्च असा झाला: आय-१३० चे प्रत्येकी ५३५ डॉलर, व्हिसा सेंटरचे प्रत्येकी ३२५ आणि १२० डॉलर, आणि प्रवासापूर्वी भरायचे प्रत्येकी २३५ डॉलर, दोघांचे मिळून २,४३० डॉलर. १ एप्रिल २०२४ पासून आय-१३० चे शुल्क ऑनलाइन ६२५ आणि कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर झाले आहे, हे नव्याने भरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. वैद्यकीय तपासणी आणि मुंबईचा प्रवास वेगळा. वकिलावर एकूण खर्च ३२५ डॉलर, कारण नंतरच्या एका ई-मेलचे पंचाहत्तर डॉलर त्यांनी लावले.

त्या पंचाहत्तर डॉलरबद्दल माझी तक्रार आहे. तासाच्या फीमध्ये पुढचे किती प्रश्न येतात हे त्यांनी आधी लिहून द्यायला हवे होते. आम्ही विचारले नाही ही आमचीही चूक. दुसरी उणीव अशी की आपल्याकडच्या दप्तराची त्यांना माहिती नव्हती. कोतवाल बुक म्हणजे काय, तहसील आणि ग्रामपंचायत यांच्या नोंदी वेगळ्या का असतात, १ जूनचा अर्थ काय, हे आम्हीच त्यांना समजावले, आणि त्यात तासातली पंधरा मिनिटे गेली. पूर्ण काम त्यांना दिले असते तरीही शिरपूरच्या तहसीलीत आम्हालाच जावे लागले असते. साडेतीन हजार डॉलरमध्ये त्यांनी केले असते ते अर्ज भरण्याचे काम, आणि ते अर्ज इंग्रजी वाचता येणाऱ्या कोणालाही सूचना वाचून भरता येतात. आय-१३० भरायला मुलाला दोन संध्याकाळी लागल्या.

पहिल्या अर्जाची मंजुरी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. पुढे पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र काढले, मुंबईत नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे छातीचा एक्स-रे आणि लसी झाल्या, आणि जून २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली. रात्रीच्या गाडीने गेलो, पिशवीत मूळ कागदांची एक आणि प्रतींची दोन बाडे. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी पत्नीला एकच प्रश्न जरा थांबून विचारला: या नोंदीत १९ ऑगस्ट आहे आणि पासपोर्टवर १ जून, असे का? दुभाषामार्फत पत्नीने उत्तर दिले की शाळेत घालताना गुरुजींनी तारीख लावली, आणि खरी तारीख मला या कागदावरूनच कळली. त्यांनी सासूबाईंच्या अंगठ्याचे प्रतिज्ञापत्र उलटून पाहिले, मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. सर्व मिळून बारा मिनिटे लागली.

पूर्ण वकील कोणी लावावा, याविषयी माझे मत आता निश्चित आहे. पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला असून त्यात खोटी माहिती दिल्याचा ठपका असेल, कोणी मुदतीपेक्षा जास्त राहिले असेल, पोलीस केस असेल, दत्तक किंवा सावत्र नाते असेल, मुलाचे उत्पन्न हमीपत्राला पुरत नसेल, तर पैशांकडे पाहू नये. भावंडांच्या अर्जात तर प्रश्न आणखी वेगळा होतो: जगभरासाठी वर्षाला ६५,००० जागा आणि त्यात कोणत्याही एका देशाला सुमारे सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांना दीड तपाहून अधिक थांबावे लागते, आणि तोवर मुले एकवीस वर्षांची होऊन अर्जातून गळतात. त्यांचे वय कसे मोजायचे याचा २००२ चा वेगळा कायदा आहे, आणि तो वाचून स्वतः हिशेब करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. जोडीदाराच्या व्हिसात लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांपुरतेच सशर्त मिळते आणि पुढे पुन्हा अर्ज करावा लागतो. ते सरळ प्रकरणात जमण्यासारखे आहे.

गेल्या महिन्यात धरणगावचे एक परिचित त्यांच्या मुलीची फाइल घेऊन आमच्याकडे आले होते. जावई अमेरिकन नागरिक आहेत, त्यांचा आधीचा विवाह तिकडेच झाला होता आणि घटस्फोट मात्र भारतातल्या कोर्टात झाला. त्यांना वाटत होते की आमच्यासारखेच एका तासात भागेल. मी फाइल वाचली आणि त्यांना पूर्ण वकील लावायला सांगितले, आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात काढायला सांगितली. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका, हे त्यांना दारात निरोप देताना पुन्हा एकदा सांगितले.